ओळंबा खोटे बोलत नाही

आपल्याकडे सल्ला मागण्याची रीत मोठी गमतीची आहे. मागणाऱ्याला बहुधा सल्ला नको असतो, धीर हवा असतो. देणाऱ्याला वाईटपणा नको असतो, म्हणून तोही धीरच देतो. दोघे समाधानाने आपापल्या घरी जातात आणि ज्या कामासाठी सल्ला मागितला ते काम मात्र जागच्या जागी राहते. लग्नाच्या, शेतीच्या आणि आजारपणाच्या बाबतीत हा प्रकार आपण नेहमीच पाहतो. अलीकडे त्यात प्रोग्रामिंग शिकण्याची भर पडली आहे.

कला शाखेच्या मुलीला हा विषय कुठून सुचला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्यालाही पदवीबरोबर कौशल्याचा एखादा विषय घेता येतो. मराठी वाङ्मयाबरोबर मी पायथॉन ही संगणकाची भाषा घेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बाबा गवंडीकाम करतात, आई त्यांच्याच हाताखाली बिगारी म्हणून जाते. संगणकाला माझा हात प्रथम लागला तो याच कॉलेजच्या संगणक कक्षात. गेल्या वर्षी मी तो अभ्यासक्रम पुरा केला आणि यंदा सरांनी आम्हा चौघींना दर शनिवारी नव्या मुलामुलींजवळ बसायला सांगितले आहे.

मी काही मोठी प्रोग्रामर नव्हे. पण ज्याने नदी नुकतीच ओलांडली आहे त्याला कुठे पाय घसरतो आणि कुठे पाणी छातीला लागते हे ताजे आठवत असते. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द लिहिते. ते गोड नाहीत, पण खोटेही नाहीत.

शनिवारी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “ताई, मला जमेल का?” याला “हो गं, सहज जमेल” असे म्हणणे फार सोपे असते. विचारणारीचा चेहरा खुलतो आणि आपल्यालाही बरे वाटते. पण खरे उत्तर असे आहे की, ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही आणि तिच्या मार्कशीटलाही नाही. म्हणून मी उलट प्रश्न करते, “रोज एक तास बसशील का? पुढचे सहा महिने?” पुष्कळजणींना हा प्रश्न आवडत नाही. पण जमणे आणि न जमणे यांतला बराचसा फरक त्या एका तासात असतो.

बाबा सांगतात, हातात थापी मिळण्याआधी त्यांनी दोन वर्षे नुसता माल कालवला आणि विटा भिजवल्या. त्यांच्या उस्तादाने त्यांना ‘एकवीस दिवसांत गवंडी’ करतो असे कधी सांगितले नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र असे सांगणारी पुस्तके ढिगांनी निघाली. तेव्हा पीटर नॉर्विग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने २००१ मध्ये त्यांना उत्तर म्हणून एक निबंध लिहिला आणि प्रोग्रामिंग शिकायला दहा वर्षे लागतात हे त्याच्या नावातच घातले. दहा वर्षे ऐकून छाती दडपते, हे खरे. पण पहिल्या महिन्यात काहीच कळले नाही म्हणून रडू येते तेव्हा हाच आकडा धीर देतो. कारण मग आपण मागे पडलेले नसतो, नुकतीच सुरुवात केलेली असते.

दुसरा प्रश्न इंग्रजीचा. “माझे इंग्रजी कच्चे आहे” हे वाक्य खाली मान घालून उच्चारले जाते, जणू काही तो गुन्हाच आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी खोटे सांगितले जाते. इंग्रजीवाचून येणारच नाही हे एक खोटे, आणि इंग्रजी मुळीच लागत नाही हे दुसरे. पायथॉनमध्ये राखीव शब्द आहेत जेमतेम ३५. इफ, एल्स, फॉर, व्हाइल अशा शब्दांना घाबरण्याजोगे काही नाही. पायथॉनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली तेव्हापासून आपण प्रोग्राममधल्या वस्तूंना ‘नाव’, ‘वजन’, ‘मजुरी’ अशी देवनागरी नावेसुद्धा देऊ शकतो. मात्र या विषयावरचे चांगले लेखन बहुतांशी इंग्रजीत आहे आणि यंत्राचे निरोपही इंग्रजीत येतात. तेव्हा शब्दकोश उशाशी ठेवून रोज पानभर वाचण्याला पर्याय नाही. ते भाषण ठोकण्याचे इंग्रजी नव्हे, सूचना वाचण्याचे आहे. ते येते.

आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तर उगाच कमीपणा घेऊ नये. ‘पुस्तक’ या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणतो तीन. पायथॉनला विचारले तर तो सांगतो सहा! त्याच्या हिशेबात प, उकार, स, पाय मोडण्याची खूण, त आणि क हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. कारण युनिकोडमध्ये देवनागरी तशी साठवली जाते. हे पाहून वर्गात हसू पिकले, पण ‘यंत्र चुकले’ म्हणणाऱ्याला मी थांबवले. यंत्र चुकलेले नाही. आपण ‘अक्षर’ म्हणताना काय म्हणतो हे आपणच त्याला नीट सांगितलेले नाही. जोडाक्षर म्हणजे काय, स्वरचिन्ह म्हणजे काय, हे व्याकरणाच्या तासाला कंटाळून ऐकलेले इथे उपयोगी पडते. नेमके बोलण्याची सवय हाच या विद्येचा पाया आहे आणि ती सवय भाषेच्या विद्यार्थ्याला लागायला हरकत नसावी.

आता मुख्य गोष्ट. प्रोग्राम लिहिला, चालवला, आणि पडद्यावर लाल अक्षरांत चार-सहा ओळी उमटल्या की नव्या मुलांची जी अवस्था होते ती मी दर शनिवारी पाहते. कुणी घाईने खिडकीच बंद करून टाकतो. कुणी शेजाऱ्याकडे पाहतो, त्याने पाहिले की काय म्हणून. कुणी एकदम हात वर करतो, “ताई, एरर आला.” काय आला, असे विचारले तर सांगता येत नाही, कारण वाचलेलाच नसतो.

हे असे का होते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आपणच पहिले शिकणारे. शाळेत ‘चूक’ या शब्दाबरोबर आणखी बरेच काही ऐकू यायचे. “तुमच्या घरात कोण शिकलंय?” हे वाक्य मी पाचवीत ऐकले आहे, गणिताच्या वहीवरच्या एका लाल फुलीबरोबर. तेव्हापासून लाल अक्षर दिसले की ते वहीवर नसून आपल्यावरच काढले आहे असे वाटू लागते. मग माणूस चूक दुरुस्त करण्याऐवजी ती लपवायला शिकतो.

बाबांच्या पिशवीत एक ओळंबा आहे. दोरीला बांधलेले लोखंडी वजन, दुसरे काही नाही. चार थर झाले की ते दोरी भिंतीला लावतात आणि वजन खाली सोडतात. भिंत कलली असेल तर ओळंबा ते लगेच दाखवतो. तो बाबांना “तुम्ही अडाणी” म्हणत नाही, आणि मालक समोर उभा आहे म्हणून भिंत सरळ असल्याचेही सांगत नाही. तो भिंतीविषयी बोलतो, गवंड्याच्या जातीविषयी किंवा शिक्षणाविषयी नाही. आणि बाबाही ओळंब्यावर कधी रागावलेले मी पाहिले नाही. भिंतीला पोट आले असेल तर ते मुकाट्याने दोन थर उतरवतात, विटा साफ करतात आणि पुन्हा लावतात.

मित्रांनो, ती लाल अक्षरे म्हणजे ओळंबा आहे. इतका निःपक्षपाती शिक्षक तुम्हांला जन्मात दुसरा भेटणार नाही. त्याला तुमचे आडनाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, फी भरली की थकली तेही ठाऊक नसते. तो फक्त म्हणतो, अमुक ओळीत अमुक गडबड आहे. ते वाचण्याची रीतही साधी आहे. शेवटची ओळ आधी वाचावी, कारण चुकीचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. मग वर जाऊन ओळीचा क्रमांक पाहावा. त्या ओळीत काही सापडले नाही तर तिच्या वरची ओळ तपासावी, कारण तिथे राहिलेल्या कंसाची किंवा स्वल्पविरामाची ओरड कधी कधी खालच्या ओळीत ऐकू येते. एवढे करूनही उलगडले नाही तर खुशाल विचारावे. पण विचारताना “चालत नाही” असे म्हणू नये. डॉक्टरकडे जाऊन आपण “बरे नाही” एवढेच सांगून गप्प बसत नाही. काय करायला गेलात, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, या तीन गोष्टी सांगाव्यात. निम्म्या वेळा त्या सांगता सांगताच उत्तर सापडते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला तेव्हा आतल्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत इंजिनिअर लोकांत त्यापूर्वीही होती, पण इथे खरोखरचाच किडा निघाला! त्या लोकांनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली तशी नोंद केली. ती वही आज अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. मला या गोष्टीत किड्यापेक्षा वहीचे महत्त्व जास्त वाटते. आपणही एक दोनशेपानी वही करावी. आज काय अडले, निरोप काय आला, कशाने सुटले, तारीख घालून लिहावे. दोन महिन्यांनी ती वही कोणत्याही गाइडपेक्षा मोलाची ठरते.

यापुढचा शब्द अधिक कडू आहे. नक्कल करू नका. फळ्यावरून उतरवलेला, मित्राकडून घेतलेला किंवा चॅटजीपीटीकडून मिळवलेला प्रोग्राम चालला म्हणजे तुम्हांला प्रोग्रामिंग आले असे नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासून तयार उत्तर मिळवणे फारच सोपे झाले आहे. अशा साधनांना माझा विरोध नाही. अडलेली ओळ समजावून घ्यायला ती चांगली आहेत. पण स्वतः अर्धा तास झगडण्यापूर्वीच उत्तर मागणे म्हणजे दुसऱ्याला व्यायाम करायला सांगून आपले दंड फुगण्याची वाट पाहणे आहे.

दुसऱ्याकडून उचललेले काम नीट न पारखता वापरले की काय होते, याचे मोठे उदाहरण युरोपच्या अवकाश संशोधनात घडले. ४ जून १९९६ रोजी ‘एरियान ५’ हे नवे रॉकेट पहिल्यांदाच उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम आधीच्या ‘एरियान ४’ मधून जसाच्या तसा घेतलेला होता. तिथे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला होता. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त होता. त्यावरून निघणारा आकडा ज्या १६ बिटांच्या कप्प्यात बसवायचा होता त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली आणि रॉकेट भरकटले. प्रोग्राम जुन्या घरात बरोबर होता, नव्या घरात चूक ठरला. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर शेजाऱ्याची वही उतरवून घेणाऱ्यांनी काय धडा घ्यावा?

कुणी म्हणेल, एवढे कठोर कशाला व्हायचे? नव्या मुलांना थोडे गोड बोलून पुढे न्यावे. याला उत्तर म्हणून मी माझ्या आत्याच्या घरची हकिकत सांगते.

आतेभावाने बारावीनंतर जिल्ह्याच्या गावी एका क्लासमध्ये नाव घातले. ‘सहा महिन्यांत प्रोग्रामर, नोकरीची हमी’ अशी पाटी होती. फीसाठी आत्याने हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या. सहा महिने तो रोज सकाळच्या एस. टी. ने जात होता आणि कसे चालले आहे असे विचारले की “छान” म्हणत होता. त्यालाही तसेच वाटत होते, कारण क्लासमधले सगळे त्याला छानच म्हणत. शेवटी एक चकचकीत प्रमाणपत्र मिळाले. पहिल्याच मुलाखतीत त्याला दहा आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा शोधणारा प्रोग्राम लिहायला सांगितला. सुरुवात कुठून करायची हेच त्याला कळेना. क्लासमध्ये त्याने शंभर प्रोग्राम उतरवून घेतले होते, स्वतः एकही लिहिला नव्हता. त्या सहा महिन्यांत “तुला हे अजून येत नाही” एवढे वाक्य एकाही माणसाने त्याला म्हटले असते, तर चार महिने शिल्लक असताना तो सावध झाला असता. पोरगा कामाला चुकार नाही. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि चोख लिहितो. पण आत्याच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

ज्यांच्या घरात शिकलेली चार माणसे आहेत त्यांना खोट्या स्तुतीचा धोका कमी असतो. घरातला कुणीतरी वही उघडून पाहतो आणि कान धरतो. आपल्या आईबापांना ती वही वाचता येत नाही. ते आपल्या चेहऱ्याकडे पाहून समजतात आणि आपल्या “छान” वर दागिने गहाण टाकतात. म्हणून आपल्यासारख्यांना खरे सांगणारा माणूस मिळणे ही चैन नसून गरज आहे.

तेव्हा पैशांविषयीही स्पष्ट सांगते. पायथॉनला एक पैसाही पडत नाही. खिदो व्हान रॉसम या डच माणसाने ती भाषा १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली आणि आजही ती व तिची माहितीपुस्तिका कुणालाही फुकट उतरवून घेता येते. संगत आणि शिस्त मिळावी म्हणून क्लास लावायला हरकत नाही, पण फी देण्यापूर्वी तिथे शिकून गेलेल्या दोघांना भेटावे आणि एकच गोष्ट विचारावी: तिथे तुम्ही स्वतः काय लिहिले? नोकरीच्या हमीविषयी बोलणे निघाले तर ती लेखी मागावी. कागद मागितला की आवाज खाली येतो. आणि नुसत्या एका भाषेच्या परिचयावर नोकरी मिळेल, असे मी कुणाला सांगणार नाही. ती पहिली पायरी आहे. जिना पुढे आहे.

मग शिकायचे कशासाठी? माझे मत असे की, पहिला प्रोग्राम आपल्या घरातल्या गरजेचा असावा. मी बाबांसाठी ब्रासचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्यायची, गुणाकार करायचा आणि शंभराने भागायचे, कारण १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. जेमतेम आठ ओळींचे काम. बाबांना मोबाइलवर तो दाखवला. त्यांनी वाकून पाहिले आणि पहिला प्रश्न केला, “आकडा फुटात घालायचा का मीटरमदी? नकाशावर मीटर असत्यात बरं.”

हा प्रश्न ऐकून मला मंगळाकडे गेलेल्या एका यानाची आठवण झाली. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकेचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच हरवले. जमिनीवरच्या एका प्रोग्राममधून धक्क्याचे आकडे पौंडांच्या मापात निघत होते आणि ते घेणारे त्यांना न्यूटनच्या मापातले समजत होते. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. त्यामुळे यान ठरल्यापेक्षा फार खालून गेले. तिथे पडद्यावर लाल अक्षरे उमटली नव्हती. प्रोग्राम सुरळीत चालत होता आणि उत्तर चुकीचे होते. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बाबांना जो प्रश्न पहिल्या मिनिटाला पडला, तो तिथे वेळेवर कुणी लावून धरला नाही.

म्हणून ओळंब्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो खोटे बोलत नाही, पण सगळेच सांगतो असेही नाही. भिंत ओळंब्यात असेल आणि तरी नकाशापेक्षा फूटभर पुढे बांधलेली असेल. पायथॉनमध्ये वापरणाऱ्याकडून ५ आणि ७ घेतले आणि तसेच एकमेकांत मिळवले तर उत्तर १२ येत नाही, ५७ येते. कारण टाइप केलेले आकडे तो अक्षरे समजतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. तक्रार मात्र काही करत नाही. त्यासाठी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे एक उदाहरण घालून पाहावे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे एक ब्रास यायलाच हवा. आला नाही तर प्रोग्राम चालला तरी तो चुकीचाच.

शेवटी एक विनंती, माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्यांना आणि संकोचत का होईना, गुरुजनांनाही. स्पष्टपणा आणि फटकळपणा यांत अंतर आहे. “तुझ्याच्याने होणार नाही” हा स्पष्टपणा नव्हे. त्यात माहिती काहीच नसते, नुसती जखम असते. “तुझी तिसरी ओळ चुकली आहे, का ते शोध” हा स्पष्टपणा. आम्हांला दुसऱ्या प्रकारचे बोला, कितीही बोला. पण आमच्या गरिबीकडे पाहून दयेने ‘छान’ म्हणू नका. तिसरी ओळ दाखवून द्या.

आणि प्रथम वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो, संगणक कक्ष शनिवारी दोन वाजता उघडतो. येताना वही आणा. लाल अक्षरे दिसली तर खिडकी बंद करू नका. शेवटची ओळ मोठ्याने वाचा आणि मग मला हाक मारा.